रक्त कोठून येते?

केंद्रशाळेतील शिक्षण परिषद आटोपली आणि चहाचे पेले हाती आले की शिक्षकबंधुभगिनींच्या गप्पा बहुधा दोनच विषयांकडे वळतात : बदल्या आणि दुखणी. बदल्यांविषयी ह्या पुस्तिकेत लिहिण्याचे प्रयोजन नाही. दुखण्यांविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण त्या गप्पांतून जी मते तयार होतात ती शिक्षकांपुरती राहत नाहीत. गुरुजी असे म्हणाले, बाई तसे म्हणाल्या, अशा रूपाने ती संध्याकाळपर्यंत गावातील ओट्यांवर पोचलेली असतात.

ह्या गप्पांचा साचा ठरलेला असतो. कोणाच्या आईस शहरातील खाजगी रुग्णालयात ठेवले होते, त्याचे देयक किती झाले ते सांगितले जाते. दुसरा म्हणतो, ‘आमचे सर्व ‘सिव्हिल’मध्येच झाले, गर्दी होती, पण झाले.’ तिसरा रक्ताच्या पिशवीचा दर सांगतो. आणि शेवटी निर्णय असा निघतो की, खाजगीत रक्त विकत मिळते व सरकारीत ते फुकट मिळते. हा निर्णय ऐकताना खरा वाटतो. परंतु त्यात एक मूळ प्रश्नच राहून जातो. विकत असो वा फुकट, ते रक्त आले कोठून?

रक्त कारखान्यात तयार होत नाही. औषधे, सलाईन, शस्त्रक्रियेची हत्यारे, क्षकिरणाचे यंत्र ही सर्व पैसे टाकून आणता येतात. रक्त मात्र आजही एका माणसाच्या शरीरातूनच दुसऱ्याच्या शरीरात जाते. म्हणून सरकारी दवाखाना चांगला की खाजगी, हा वाद रक्तापाशी आला की संपतो. दोन्हीकडील रुग्णशय्येवरील पिशवी कोणा तरी अनोळखी माणसाच्या दंडातून आलेली असते.

एका गावी पालकसभेत एका वयस्क शेतकऱ्याने मुख्याध्यापकांस विचारलेला प्रश्न येथे द्यावासा वाटतो. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, आम्ही रक्त फुकट द्यायचं आन् त्यांनी पिशवीचं हजार-दीड हजार घ्यायचं, ह्यो कुठला न्याय?’’ मुख्याध्यापकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘‘आबा, दळण टाकता तेव्हा ज्वारी कोणाची?’’ ‘‘आमची.’’ ‘‘मग गिरणीवाला पैसे कशाचे घेतो?’’ ‘‘दळायचं.’’ सभेत हशा पिकला, परंतु उत्तर पटले. जमविलेले रक्त तसेच्या तसे रुग्णास चढवीत नाहीत. त्याची एचआयव्ही, ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप ह्या पाच रोगांसाठी तपासणी करावी लागते. गट ठरवावा लागतो. बहुतेक ठिकाणी त्याचे तांबड्या पेशी, रक्तद्रव व प्लेटलेट असे भाग वेगळे करतात. आणि प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या तापमानात ठेवावा लागतो. ह्या सर्वांचा जो खर्च तेवढाच आकारावयाचा असा नियम आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये ठरविलेल्या दरांप्रमाणे खाजगी वा धर्मादाय रक्तपेढीस संपूर्ण रक्ताच्या किंवा तांबड्या पेशींच्या पिशवीमागे जास्तीत जास्त १,५५० रुपये घेता येतात. काही जादा तपासण्या केल्या तर त्यांचे शुल्क वेगळे. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास शासकीय रक्तपेढीतून हे रक्त विनाशुल्क मिळते. तेथे दळणाचे पैसे सरकार भरते. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया ह्या विकारांच्या रुग्णांस रक्त वा त्याचे भाग आयुष्यभर पुनःपुन्हा लागतात. त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये असाही नियम आहे. आपल्या शाळेत असे मूल असेल तर त्याच्या पालकांस ही गोष्ट आवर्जून सांगावी. अनेकांस ती ठाऊक नसते.

रक्ताची विक्री पूर्वी होत असे, हे नव्या शिक्षकांस कदाचित माहीत नसेल. मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या आसपास पैसे घेऊन रक्त देणारी माणसे बसलेली असत. त्यांपैकी अनेक उपाशीपोटी असत, काही व्यसनी असत, आणि पोट त्यावरच चालत असल्याने आपले आजार ते सांगत नसत. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालाने ह्या प्रकारास आळा घालण्याचे आदेश दिले आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे-घेणे देशात बंद झाले. ह्या निर्णयामागील विचार मुलांच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असावा इतका महत्त्वाचा आहे. कोणत्याही रोगाची लागण झाल्यानंतर काही दिवस असे असतात की, जंतू रक्तात असतात पण तपासणीत सापडत नाहीत. ह्या काळात रुग्णाचे रक्षण करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रक्त देणाऱ्याचा खरेपणा. ज्याला पैसे हवे आहेत तो खोटे बोलेल. ज्याचा भाऊ शस्त्रक्रियेच्या खोलीत पडला आहे आणि ‘दोन दाते आणा’ असे ज्याला सांगितले गेले आहे, तोही कदाचित खोटे बोलेल. ज्याला कोणी बोलाविले नाही, जो आपण होऊन आला, त्याला लपविण्याचे कारण नसते. म्हणून स्वेच्छेने दिलेले रक्त अधिक सुरक्षित मानले जाते. नातेवाइकांनी रात्री-अपरात्री दाते शोधीत हिंडावे, ही रीत हळूहळू मोडावी असे देशाच्या रक्तविषयक धोरणातच म्हटले आहे. परंतु पेढीत पुरेसे रक्त असेल तरच ती मोडेल.

‘पेढी’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. पैशाच्या पेढीत ठेव ठेवली की ती वर्षानुवर्षे राहते आणि तिला व्याजही सुटते. रक्ताच्या पेढीत उलट व्यवहार आहे. नेहमीच्या द्रावणात घेतलेले संपूर्ण रक्त २ ते ६ अंश तापमानात ३५ दिवस टिकते. वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी त्यांच्या विशेष द्रावणात ४२ दिवस. प्लेटलेट तर ५ दिवसच, आणि त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. गोठविलेला रक्तद्रव तेवढा वर्षभर राहतो. ह्याचा अर्थ असा की, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी एकाच दिवशी हजार पिशव्या जमविल्याने वर्षाची बेगमी होत नाही. जास्तीचे रक्त मुदत संपली की टाकून द्यावे लागते आणि पुढील महिन्यात पेढीत पुन्हा खडखडाट होतो. छायाचित्रासाठी भरविलेल्या अशा शिबिरांविषयी प्रस्तुत लेखकास फारसे प्रेम नाही. भेटवस्तूंचे आमिष दाखविणाऱ्या शिबिरांविषयी तर मुळीच नाही. बॅग मिळते म्हणून आलेला माणूस कावीळ झाल्याचे सांगेलच असे नाही.

टंचाई केव्हा पडते, हे शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ती उन्हाळ्यात पडते, आणि दिवाळीच्या सुटीतही. महाविद्यालये बंद असतात, त्यामुळे तेथील शिबिरे होत नाहीत. लोक लग्नकार्यांत व प्रवासात असतात. अपघात, बाळंतपणे व शस्त्रक्रिया मात्र थांबत नाहीत. नेमक्या ह्याच दिवसांत आपल्या शाळांना सुटी असते. निरोगी, प्रौढ, गावाच्या परिचयाचा आणि सुटीवर असलेला असा जो वर्ग खेड्यापाड्यांत आहे, तो शिक्षकांचा होय. एका केंद्रातील दहा-बारा शाळांचे शिक्षक व त्यांच्या ओळखीचे पालक मिळून मे महिन्याच्या मध्यास एक आणि दिवाळीच्या सुटीत एक, अशी दोन शिबिरे भरविणे अवघड नाही. एकट्या गावासाठी रक्तपेढीची गाडी येणे परवडत नाही, केंद्रासाठी येईल. जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीस निदान महिनाभर आधी पत्र पाठवावे आणि त्यांना त्या वेळी किती पिशव्यांची गरज आहे ते विचारून मगच संख्या ठरवावी.

रक्त कोणास देता येते? वय १८ ते ६५ असावे. प्रथमच देणाऱ्याचे वय साठीपुढे नसावे. वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन निदान साडेबारा ग्रॅम असावे. पुरुषांस तीन महिन्यांनी आणि स्त्रियांस चार महिन्यांनी पुन्हा देता येते. गोंदवून घेतले असल्यास वर्षभर थांबावे लागते. हिवताप होऊन गेला असल्यास बरे झाल्यापासून तीन महिने थांबावे. इतर प्रश्न तेथील डॉक्टर विचारतात व त्यांना सरळ उत्तरे द्यावीत.

रक्त दिल्याने अंग खचते, ही समजूत अद्याप दृढ आहे. शेतात राबणारा माणूस ती बोलून दाखवितो, सुशिक्षित मनात ठेवतो, एवढाच फरक. हिशेब असा आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे साडेतीन लिटर रक्त असते. त्यातून ३५० मिलिलिटर घेतात, म्हणजे दहावा हिस्सा. त्यातील पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून निघतो. तांबड्या पेशी भरून येण्यास काही आठवडे लागतात. म्हणूनच तीन-चार महिन्यांचे अंतर सांगितले आहे. तांबडी पेशी तशीही सुमारे १२० दिवसच जगते आणि तिच्या जागी शरीर रोज नव्या पेशी तयार करीतच असते. घेरी येते ती बहुधा उपाशीपोटी आल्याने, पाणी न प्यायल्याने किंवा सुईच्या भीतीने. पोटभर न्याहारी करून यावे, रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे बसावे आणि त्या दिवशी जड ओझे उचलू नये, एवढे पुरे. मात्र एका पिशवीबरोबर सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह शरीरातून जाते. ते आहारातूनच भरून यावयाचे असते, आणि येथे आपण शाळेच्या दारात येऊन पोचतो.

शिबिरात जी गोष्ट मनास लागते ती ही : स्त्रिया पुढे येतात आणि परत जातात. अंगणवाडीसेविका, शिक्षिका, बचतगटातील भगिनी उत्साहाने रांगेत उभ्या राहतात, बोटातून थेंब घेतला जातो, आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघते. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्यांना रक्त देता येत नाही त्यांनाच ते पुढे लागते. प्रसूतीच्या वेळी अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव मानतात. निरोगी स्त्री त्यातून निभावते. जिचे हिमोग्लोबिन आधीच सात-आठ आहे तिच्या जिवावर बेतते. मग तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत रुग्णवाहिका धावते आणि मध्यरात्री तिचा नवरा अनोळखी शहरात दाता शोधीत फिरतो.

ही स्त्री दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच शाळेत शिकत होती. तेव्हा तिला काय मिळाले, हा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच आपल्यालाही विचारला पाहिजे. प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी गुलाबी आणि वरच्या वर्गांतील मुलामुलींसाठी निळी, अशी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा देण्याची योजना आहे. जंतनाशक गोळीचा दिवस वर्षातून दोनदा असतो. जंत आतड्यात राहून रक्त शोषतात. तेव्हा जंत न काढता लोह देणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय. शाळातपासणीच्या वेळी नोंदवही पूर्ण भरलेली आणि गोळ्यांचे पाकीट कपाटात बंद, असे दृश्य कधीमधी दिसते. कारण विचारता ‘गोळीने मळमळते, पालक तक्रार करतात’ असे सांगण्यात येते. तक्रार खोटी नसते. गोळी उपाशीपोटी दिली म्हणजे मळमळते. ती मध्यान्ह भोजनानंतर, शिक्षकासमोर, पाण्याबरोबर दिली आणि शौच काळसर होईल पण घाबरू नये हे मुलांना आधीच सांगितले, तर तक्रारी बहुतांशी थांबतात.

आहाराविषयी एक-दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते, ही समजूत शिक्षकांच्या घरांतही आढळते. रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही. बिटात लोह अगदी बेताचे असते. बाजरी, मटकी, हरभरा, अळीव, हिरव्या पालेभाज्या, आणि जे खातात त्यांच्यासाठी मांस-मासळी, ह्यांत ते अधिक असते. धान्यभाज्यांतील लोह अंगी लागण्यास आंबट पदार्थ साहाय्य करतात. म्हणून भाकरी-उसळीबरोबर लिंबाची फोड वा आवळा हवा. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. आमच्या भागात जेवण झाले की ‘थोडा चहा टाक’ ही आज्ञा सुटतेच. ती तासाभराने सोडावी. जेवणापूर्वी हात धुणे, नखे कापणे, पायांत वहाण घालून शौचास जाणे ह्या सवयी आपण मुलांना तोंडपाठ करून घेतो. त्यांचा रक्ताशी संबंध आहे हे सांगत नाही. आकड्यासारख्या तोंडाचा एक जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो, आणि रक्तक्षय करणाऱ्या जंतांत तो प्रमुख आहे, हे ऐकल्यावर चौथीतील मुलेसुद्धा वहाणा शोधू लागतात.

आता सरकारी व खाजगी दवाखान्याविषयी. आपली शाळा आणि गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र ह्या एकाच जिल्हा परिषदेच्या दोन संस्था आहेत, हे आपण विसरतो. भोर समितीने १९४६ मध्ये ज्या प्राथमिक केंद्राची कल्पना मांडली त्याचेच हे रूप. साधारणतः पाच हजार वस्तीस उपकेंद्र, तीस हजार वस्तीस प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात त्याहून कमी वस्तीस. त्याच्या वर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय, अशी ही उतरंड आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनाशुल्क झाले आहेत. तरीही साध्या तापाला माणूस प्रथम खाजगीकडे जातो. त्याची कारणे सर्वच चुकीची नाहीत. केंद्रात डॉक्टर जागेवर नसणे, औषध संपलेले असणे, तुसडे बोलणे, हे अनुभव लोकांना येतात, आणि शिक्षकाने ते नाकारू नयेत. नाकारल्यास त्याच्या पुढच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. परंतु दुसरेही कारण आहे. ‘सुई टोचल्याशिवाय डॉक्टर कसला’ आणि ‘पिवळी सलाईन लावली की ताकद येते’ अशी आपली धारणा आहे. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. त्याला पिवळा रंग येतो तो त्यात घातलेल्या जीवनसत्त्वांनी. त्याने रक्ताचा थेंबही वाढत नाही. ज्याला तोंडाने खाता-पिता येते त्याने त्यासाठी पाचशे रुपये मोजू नयेत.

खर्चाचा फरक किती पडतो? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणे वगळता, एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च देशात सरकारीत सुमारे साडेचार हजार आणि खाजगीत सुमारे बत्तीस हजार रुपये आढळला. ज्या पालकाची मुलगी सहावीत आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक म्हणजे तिची पुढची शाळा होय. दुखण्याच्या कर्जात शिकणे सुटलेली मुले आपण पटावर पाहिलेली आहेत. म्हणून लसीकरण, क्षयाची तपासणी व औषधे, कुत्र्याचा चावा, सर्पदंश आणि गरोदरपणातील तपासण्या ह्यांसाठी प्रथम सरकारी केंद्र गाठावे, असे निःसंकोच सांगावे. जेथे खाजगीत जाणे भाग आहे तेथे रक्ताच्या पिशवीची पावती मागावी आणि त्यावरील आकारणी नियमाप्रमाणे आहे की नाही ते पाहावे. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचे किती रक्त शिल्लक आहे, हे केंद्र सरकारच्या ‘ई-रक्तकोष’ ह्या संकेतस्थळावर दिसते. गावातील घाबरलेल्या माणसास ते मोबाइलवर पाहून देणे शिक्षकास सहज जमेल.

शेवटी ओळखपत्रांविषयी. पुष्कळ शाळा मुलांच्या ओळखपत्रावर रक्तगट छापतात. चौकशी केली असता तो पालकांना विचारून लिहिलेला असतो, आणि पालकांनी तो ‘बापाचा आहे तोच’ म्हणून सांगितलेला असतो. आई-बापांचा गट मुलास येतोच असे नाही. आई ‘ए’ व बाप ‘बी’ असता मूल ‘ओ’ही असू शकते. इतकेच काय, १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असा गट शोधून काढला की, तो साध्या तपासणीत ‘ओ’सारखा दिसतो, पण त्या माणसास ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. ‘बॉम्बे’ गट ह्या नावानेच तो जगभर ओळखला जातो. ह्यामुळे कोणतेही रुग्णालय ओळखपत्र पाहून रक्त चढवीत नाही. प्रत्येक वेळी रुग्णाचा नमुना घेऊन, पिशवीतील रक्ताशी जुळवून मगच ते देतात. तेव्हा प्रयोगशाळेचा कागद हाती नसेल तर ओळखपत्रावरील तो रकाना कोरा ठेवावा.